बाहेर बसण्याचे खोटे दिवस

माझं वजन आयुष्यात पहिल्यांदा झालं ते लोणावळ्याच्या स्टेशनात, पार्सलच्या काट्यावर. हे तिथे पार्सल क्लार्क होते. तिसरं बाळंतपण उरकून मी माहेराहून, तळेगावहून, पॅसेंजरने परत आले होते. थोरले दोघे आत्यासासूंबरोबर आधीच घरी पोचले होते. माझ्या कडेवर चार महिन्यांची मुलगी आणि पायाशी आईने दिलेले दोन डबे. गाडी गेली, फलाट रिकामा झाला आणि यांना काय लहर आली कोण जाणे, म्हणाले, "उभी राहा जरा काट्यावर. बघू तरी, माहेरी काय काय खाऊ घातलंय." इतक्या महिन्यांनी नवरा दिसलेला, बघायला आजूबाजूला कोणी नाही. मीही मुलीसकट चढले.

मुलीचे सहा शेर वजा करून मी एक मण बत्तीस शेर भरले, म्हणजे आताचे सदुसष्ट किलो. यांनी ते मोठ्याने वाचलं आणि गंभीर चेहरा करून म्हणाले, "एवढ्या मालाला ब्रेकव्हॅनचं भाडं पडतं." मला हसू आवरेना. आणि हसता हसता मांड्यांवरून कोमट धार ओघळली, कासोट्यातून खाली आली आणि काट्याच्या लोखंडी पत्र्यावर तिचं थारोळं झालं. यांचं लक्ष गेलं. मी पटकन म्हणाले, "मुलीने केली वाटतं." मुलीचा लंगोट कोरडा ठणठणीत होता. यांनी तांब्याभर पाणी ओतून पत्रा धुतला, विषय संपला. त्या पोरीवर मी घेतलेला तो पहिला आळ. पुढे तिच्यावर असे किती आळ आले याची गणती नाही.

आता ती पोर स्वतः आजी व्हायला आली आहे आणि हे लिहितेय म्हटल्यावर म्हणते, "आई, हे कशाला लिहायचं?" का नाही लिहायचं? बाळंतपणाच्या कळा लिहिलेल्या चालतात, देवी आल्या, प्लेग आला ते चालतं. खोकला आला की लुगडं ओलं होतं, एवढंच तेवढं चालत नाही. त्या न चालण्यापायी आमच्या घरात काय घडलं ते मी पाहिलं आहे, म्हणून लिहितेय.

आमचं बिऱ्हाड बाजारपेठेच्या मागच्या अंगाला होतं. पुढे एक खोली, मधे माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागे पडवी. घरात आम्ही दोघं, तीन मुलं आणि सासूबाई. सासरे माझं लग्न व्हायच्या आधीच गेले होते. सासूबाई फार बोलत नसत. उंच, किरकोळ अंगाच्या, आणि कामाला वाघ. स्वयंपाकघर सोवळ्याचं होतं. आंघोळ करून, कोणी न शिवलेलं, उंच वलणीवर वाळलेलं लुगडं नेसायचं आणि मग चुलीपाशी जायचं. पावसाळ्यात धाबळी, म्हणजे लोकरीचं सोवळं, कारण लोणावळ्याच्या पावसात सुती कापड चार चार दिवस वाळत नाही. सोवळ्यात असताना मूल शिवलं, ओवळा कपडा लागला, तरी पुन्हा आंघोळ. मग अंगातूनच काही गळालं तर काय, याचा विचार शास्त्र लिहिणाऱ्यांनी केला असेल, पण मला विचारायचं धाडस नव्हतं.

पहिल्या दोन बाळंतपणांनंतरही शिंक आली की थेंब दोन थेंब जायचे. पण तिसऱ्यानंतर सगळंच सुटलं. आईने रीतसर चाळीस दिवस पोट बांधलं होतं, डिंक, अळीव, खसखस, तूप, सगळं झालं होतं. 'अंग चांगलं धरलंय' म्हणून आईला शेजारणींनी शाबासकी दिली होती. सासरी आल्यावर हंडा उचलला की गळे, जात्यावर बसले की गळे, आणि मिरचीची फोडणी दिली की तो ठसका लागे त्यात तर हमखास. मी माझ्या बुद्धीने दोन उपाय केले. पोट आणखी घट्ट आवळलं, जुन्या लुगड्याचा पट्टा करून, इतका घट्ट की जेवल्यावर श्वास घेता येत नसे. आणि पाणी पिणं तोडलं. दिवसाला दोन वाट्या. त्याने गळायचं थांबलं नाही, वर उन्हाळे लागले. लघवीला अशी आग की भिंत धरून उभी राहायची.

आषाढातला एक दिवस होता. घरात कुळधर्म होता आणि पुरणपोळ्या मी करत होते. कटाच्या आमटीला फोडणी दिली, ठसका लागला आणि मी नखशिखांत सोवळ्यात असताना धाबळी मागून भिजली. त्या वेळी पातेल्यात नैवेद्याचं पुरण होतं. खरं म्हणजे तिथेच सगळं सोडून आंघोळीला जायला हवं होतं. पण का म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार? आणि दुसरी धाबळी घरात नव्हती. मी तशीच उभी राहिले, पोळ्या केल्या, नैवेद्य दाखवला गेला, सगळे जेवले. कोणाला काही झालं नाही. पण माझ्या घशाखाली त्या दिवशी घास उतरला नाही. देव कोपेल या भीतीने माझी रात्र गेली, हे आता हसू येण्यासारखं वाटतं, तेव्हा नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात एक सण आला. सकाळपासून मला खोकला होता. त्या धाकाने मी पहाटे उठल्या उठल्या सासूबाईंना लांबून सांगितलं, "मी बाहेरची झालेय."

हे आता सांगावं लागतं, कारण नातींना माहीत नाही. महिन्याची पाळी आली की बाईने तीन दिवस घरात शिवाशिव करायची नाही, मागच्या पडवीत बसायचं, चौथ्या दिवशी न्हाऊन आत यायचं. मुलं विचारतात म्हणून त्यांना सांगायचं, आईला कावळा शिवला. मला कावळा शिवला नव्हताच. पण पडवीत बसलं की चूल नाही, सोवळं नाही, हंडा नाही. मोरी दोन पावलांवर. फडकी धुवून तिथेच वाळत घातली तरी कोणी कारण विचारत नाही. मला तर स्वर्ग मिळाल्यासारखं झालं. चौथ्या दिवशी न्हाऊन आत आले. आणि दहा-बारा दिवसांनी खरी पाळी आल्यावर पुन्हा बाहेर बसले.

एकदा केलेलं पुन्हा करायला सोपं जातं. श्रावणात सणांची रांग. मी महिन्यातून दोनदा बाहेर बसू लागले, मग एकदा तीनदा. माझ्या वाटचा सगळा स्वयंपाक सासूबाईंवर पडला. त्यांनी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं होतं, चिडतील, कामचुकार म्हणतील. त्यांनी वेगळाच हिशेब मांडला. सून महिन्यातून दोनदा, तीनदा बाहेर बसते, म्हणजे तिच्या अंगावरून जातंय. तिला रक्तस्रावाचं दुखणं जडलंय.

मग सुरू झाले उपचार. वैद्यांकडून अशोकाच्या सालीचा काढा आला. कडू जहर, तो मी पडवीच्या कोपऱ्यातल्या कर्दळीला पाजत असे; ती मात्र बहरली. पण लाडू टाळता येईनात. रक्त गेलं ते भरून यायला हवं म्हणून सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले. बाळंतिणीला करतात तसे, वर बोटभर तूप. सकाळी दोन, दुपारी दोन, लांबून ताटलीत टाकायच्या आणि समोर बसून मी खाते की नाही ते पाहायच्या. वर सक्त ताकीद, काडी उचलायची नाही, पायरी चढायची नाही, झोपून राहायचं. स्वतः सोमवार धरले, एक वेळ जेवायच्या.

भाद्रपद संपेतो मी दोन मणांना टेकले असेन. काट्यावर चढायची आता माझी छाती नव्हती, पण चोळीचे बंद सांगत होते. आणि जसजशी मी जाड होत गेले तसतसं गळणं वाढत गेलं. आधी खोकल्याला व्हायचं ते आता नुसतं पाटावरून उठताना व्हायला लागलं. गळणं वाढलं म्हणून मी आणखी बाहेर बसे, बाहेर बसे म्हणून आणखी लाडू येत, लाडवांनी मी आणखी फुगे. या चक्रातून बाहेर पडायची वाट एकच होती, खरं बोलायची. ती सोडून मी बाकी सगळं केलं.

नवरात्राच्या आधी सासूबाईंनी यांना दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी मला पाहिलंच नाही, म्हणजे मीच गेले नाही. यांनी आपल्या आईने सांगितलेलं सगळं तिथे सांगितलं. महिन्यातून तीनदा, तीन-तीन दिवस, तीन बाळंतपणं, अमुक वय. डॉक्टर म्हणाले, पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका, बहुतेक पिशवी काढावी लागेल. हे घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. पडवीच्या दाराशी उभं राहून त्यांनी मला ते सांगितलं आणि म्हणाले, "तू काळजी करू नकोस. दिवाळी झाली की जाऊ. मी रजा मागितलीय."

मी मान हलवली. त्या काळी पोट फाडायला गेलेली बाई परत येईल याची खात्री कोणी देत नसे. नसलेल्या दुखण्यासाठी माझं पोट फाडणार होते, आणि ते थांबवायचं तर आषाढापासून देवाधर्माच्या नावाने खोटं बोलले हे सासूबाईंच्या तोंडावर सांगायचं होतं. मला दोन्ही नको होतं. मी दिवाळी लांबावी म्हणून मनातल्या मनात नवस बोलत होते.

आठवड्याच्या बाजाराला भाजे गावाहून एक बाई चालत यायची. मराठ्यांची, पन्नाशीची, काटक. डोईवर काकड्या, भोपळे, कधी लोण्याचा गोळा. गावात सुईणपणही करायची. बाजारात जाण्याआधी आमच्या मागच्या दारी टोपली उतरवून घटकाभर टेकायची तिची जुनी सवय. मी तिला मावशी म्हणायची. मी बाहेरची असले तर तिला उलट बरं वाटायचं, कारण मी रिकामी असे आणि गप्पा व्हायच्या.

त्या दिवशी ती बसली ती माझ्याकडे बघेना. दोरीवरच्या फडक्यांकडे बघत होती.

"वैनी, येक इचारू? रागवू नगा."

"विचार की."

"तुमी भायेर बसलाया म्हनता. मंग ही फडकी अशी कशी? डाग न्हाई, काय न्हाई. वास येतुया त्यो बी येगळाच."

मला संताप आला. "मावशी, काकड्या ठेव आणि जा," मी म्हणाले.

"जाते की. पर गळतंया कवापास्नं, त्येवढं सांगा."

गळतंय. इतक्या वर्षांत या गोष्टीला कोणी नाव दिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, तेही छप्पर गळतं तसं, साध्या आवाजात. मला रडू फुटलं. ती काही समजूत वगैरे घालायला आली नाही. काकडी मोडून निम्मी माझ्या पुढ्यात ठेवली आणि निम्मी आपण खात बसली. माझं रडून झाल्यावर म्हणाली, "आवो, आमच्या आळीत निम्म्या बायांचं ह्येच हाय. पर भात लावताना कुनाला कळतंय? वरनं पाऊस, खाली चिखुल, बाई आदीच भिजल्याली. आमचं झाकून जातंय. तुमचं सगळं काम कोरड्यात, म्हनून तुमास्नी भ्या."

मला रडता रडता हसू आलं आणि व्हायचं ते झालं.

"आत्ता बी झालं ना?"

"व्हय," मी म्हणाले, तिच्याच बोलीत. ती खदखदून हसली. सोवळंओवळं, विटाळ काही न बघता तिने माझ्या पोटाला हात लावला आणि पट्टा चाचपला.

"ह्ये कशापायी आवळलंया?"

"गळू नये म्हणून."

"अगं माजी बाय! पिशवी वरनं दाबल्यावर खालनंच जानार की. सोडा त्यो पट्टा." मी सोडला. बऱ्याच महिन्यांनी पोटभर श्वास घेतला. मग तिने विचारलं, "घरात पावनं बसल्यात आन तुमच्या पोटात वारा फिरतुया. तवा काय करता?"

"काय करणार? आवळून धरते."

"त्येच. मागं आवळता तसंच म्होरं बी आवळायचं आन आत वर वढून घ्यायचं. गाय शेन टाकल्यावर कसं आत वढून घेती, बगितलंय ना? तसं. पोट आवळायचं न्हाई, मांड्या न्हाई, दम कोंडायचा न्हाई. आदी तीन मोजाया येत्याल, मंग पाच, मंग धा. धरलं तेवढाच येळ सोडायचं. दिसातनं चार बारी बसायचं."

मी धरून बघितलं. काही कळेना, नुसती कंबर ताठ झाली. ती म्हणाली, "लगवीला बसल्यावर येक डाव धार मधी तोडून बगा. जागा वळकू यील. पर सारकं तसं नगा करू, त्यानं लगवी तटती. जागा वळकण्यापुरतं." शिंक यायच्या आधी आवळ, हंडा उचलायच्या आधी आवळ, आणि उचलताना श्वास सोड, असं तिने बसल्या जागी करून दाखवलं. आगीचं सांगितलं तेव्हा म्हणाली, पाणी तांब्याभर पी, पाणी तोडलंस म्हणूनच आग होते. शेवटी माझ्या पुढ्यातल्या लाडवांच्या ताटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "आन ह्ये बंद. झोळीत दगुड भरत ऱ्हायल्यावर झोळी फाटनार न्हाई तर काय? उटा, चाला, कामं करा."

"बरं होईल?"

"लय कमी व्हईल. माझ्या धाकल्या जावंचं झालं. पर म्हैनं लागत्यात, आठवडं न्हाई. मदी सोडलं तर पुन्यांदा येतंय."

तिने टोपली डोईवर घेतली आणि गेली. मी तिथेच बसून तीन मोजायला लागले.

सुरुवातीला तीनही होत नव्हते. दोनवर सुटायचं. तांदूळ निवडताना, मुलीला पाजताना, वाती वळताना मी आवळून धरी आणि सोडी. बघणाऱ्याला काही कळत नसे. लाडू थोरल्या दोघांना गुपचूप वाटू लागले आणि ते दोघं चांगले टुणटुणीत झाले. न्हाऊन आत असले की देवदर्शनाच्या निमित्ताने संध्याकाळी मुलांना घेऊन रुळांच्या पलीकडच्या देवळापर्यंत दोन दोन फेऱ्या मारू लागले. पाणी प्यायला लागल्यावर आग आठवड्यात गेली. कोजागरीला पाच मोजता आले. दिवाळीच्या फराळाला मिरचीचा ठसका लागला तेव्हा मी आधी आवळलं, मग खोकले, आणि कोरडी राहिले. त्या वेळी चुलीपुढे एकटीच होते म्हणून बरं, नाहीतर मी नाचले असते. पूर्ण बरी मी कधीच झाले नाही, तेही सांगून टाकते. अजूनही पाठोपाठ दोन शिंका आल्या तर दुसरीचा भरवसा नसतो. पण त्याला मी आता आजार म्हणत नाही.

दिवाळीच्या आधीपासून मी खोटं बाहेर बसणं बंद केलं होतं. मला वाटलं, किती सोपं आहे, काढ्याने गुण आला म्हणायचं की झालं. तसं म्हणालेही. सासूबाईंनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "घाबरून लपवू नकोस," त्या म्हणाल्या. "थांबलं म्हणतेस आणि अंगावर काढशील. पुण्याला जायचंच." मी शपथेवर सांगितलं, तर त्यांची खात्रीच पटली की सून शस्त्रक्रियेला भिऊन दुखणं दडवते आहे. त्या दिवसापासून त्या माझ्यावर पाळत ठेवू लागल्या. मोरीतून आले की आत डोकावून यायच्या. खोटं इतकं पक्कं बसलं होतं की खऱ्याने त्याचा टवकाही उडेना.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मुलं शेजारी खेळायला गेली होती. मी माजघरात आले तर सासूबाई जमिनीवर बसून बोचकं बांधत होत्या. माझी दोन लुगडी, मुलीची दुपटी, आणि शेजारी पांढऱ्या फडक्यांची चळत. मऊ, धुवट, सारख्या मापाच्या घड्या. चाळीस तरी असतील. कडेला जरीचा काठ दिसला तेव्हा मी ओळखलं. ते सासऱ्यांचं धोतर होतं. ते गेल्यापासून त्यांनी ट्रंकेत जपून ठेवलेलं, वर्षातून एकदा ऊन दाखवायला काढायच्या, तेव्हाही आम्हाला हात लावू देत नसत. ते फाडून त्यांनी माझ्यासाठी फडकी केली होती.

मी त्यांच्यासमोर बसले.

"सासूबाई, मला रक्त जात नाही."

"पुन्हा तेच का? भिऊ नकोस म्हटलं ना."

"भिऊन नाही सांगत. कधीच जात नव्हतं. महिन्याची पाळी येते तेवढीच. मला लघवी गळते. खोकलं की, हसलं की, हंडा उचलला की. सोवळं मोडतं म्हणून मी बाहेरची झाले असं खोटं सांगत होते. आषाढापासून."

त्यांचे हात थांबले.

"रक्त नाही?"

"नाही."

"गाठी पडत नाहीत?"

"नाही."

"माझ्या गळ्याला हात लावून सांग."

मी त्यांच्या गळ्याला हात लावला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या माझ्या इतक्या जवळ होत्या. गळा कसा काडीसारखा झाला होता ते मला हाताला कळलं.

"माझी थोरली अशीच गेली," त्या म्हणाल्या.

यांना एक मोठी बहीण होती आणि ती बाळंतपणानंतर तापाने गेली, एवढंच मला घरात सांगितलेलं होतं. सासूबाई बोलू लागल्या, फडक्यांकडे बघत. ताप नव्हता. सहा महिने अंगावरून जात होतं. सासरी लाजेने तिने कोणाला सांगितलं नाही, आणि कळलं तेव्हा तिला माहेरी आणून सोडलं. "टांग्यातून मी उतरवून घेतली तर हाताला वजनच लागेना. एवढी मोठी मुलगी, बावीस वर्षांची. पोरासारखी उचलली मी तिला. तेरा दिवस होती." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू जाड होत होतीस ना, मला बरं वाटायचं. दंड भरलेले दिसले की वाटायचं, ही नाही जायची."

मी म्हणाले, "माझं चुकलं. देवाचं सोवळं..."

"देवाचं देव बघून घेईल," त्या एकदम कडाडल्या. इतक्या मोठ्याने बोललेल्या मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मला का नाही सांगितलंस? मी काय गिळणार होते तुला? आषाढापासून रोज सकाळी उठून आधी पडवीत बघते, जिवंत आहेस का!" आणि त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला सणसणीत. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा मला लागलेला तो पहिला हात. मग पदर तोंडाला लावून रडल्या. मी पण रडले. किती वेळ, माहीत नाही.

थोड्या वेळाने त्यांनी बोचक्याची गाठ सोडली, माझी लुगडी बाहेर काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जरा पडते." आणि तिथेच, चटई न घेता, हात उशाला घेऊन त्या आडव्या झाल्या. मी मुलांना आणायला गेले, परत आले, चहा केला, गार झाला. त्या हलल्या नाहीत. दिवेलागण झाली. इतक्या वर्षांत देवापुढचा दिवा त्यांच्याशिवाय कोणी लावलेला मी पाहिला नव्हता. मी आंघोळ न करता, होते त्याच लुगड्यात, देवघरात गेले आणि दिवा लावला. मुलांना म्हटलं, आज शुभंकरोती, परवचा मनात म्हणा.

हे ड्यूटी संपवून आले ते दारातच थबकले. आई भर तिन्हीसांजेला जमिनीवर झोपलेली त्यांनी कधी बघितली नसावी. घाबरून मला म्हणाले, "आईला काय झालं? बरं नाही का?"

"बऱ्या आहेत," मी म्हणाले. "आषाढापासूनची झोप आहे. उठवू नका."